ड्रम ओव्हरहेडसाठी ‘मॉड’ केलेला कंडेन्सर माइक घ्यायचा का? आधी हे वाचा

दोन वर्षांपूर्वी आमच्या मित्रांच्या बँडचं रेकॉर्डिंग मी माझ्या फ्लॅटमध्ये केलं. ड्रमर पुढच्याच आठवड्यात शिकायला जर्मनीला जाणार होता, म्हणजे मिळेल तो एकच दिवस. ओव्हरहेडसाठी मी सेकंडहँड ‘फुल मॉडेड पेअर’ घेतली होती. रात्री हेडफोन लावून ऐकलं तर उजवीकडचा क्रॅश कानात सुई टोचल्यासारखा आणि डावीकडचा एकदम मऊ. माइक उघडून बघितले तेव्हा कळलं की एका माइकची कॅप्सूल बदललेली होती आणि दुसऱ्यात फक्त दोन कपॅसिटर. ड्रमर तोपर्यंत विमानात होता. चार गाण्यांचे ओव्हरहेड शेवटी एकच माइक वापरून, मोनोमध्ये मिक्स करावे लागले.

म्हणून हा लेख. मॉड केलेला माइक वाईट नसतो. पण ‘मॉड’ या शब्दाचा अर्थ ‘चांगला’ असा नाही, फक्त ‘बदललेला’ असा आहे. काय बदललं, कशासाठी बदललं आणि दोन्ही माइकमध्ये तेच बदललं का, हे तीन प्रश्न विचारले तर पैसेही वाचतात आणि रेकॉर्डिंगही.

## ओव्हरहेड माइक म्हणजे काय?

ड्रम किटच्या वर लावलेले माइक म्हणजे ओव्हरहेड. बहुतेक वेळा दोन असतात. त्यांचं काम फक्त सिम्बल, म्हणजे किटच्या झांजा पकडणं एवढंच नाही. स्नेअर, टॉम, हाय-हॅट आणि खोलीचा आवाज असं संपूर्ण किटचं चित्र त्यातूनच येतं. ब्रिटिश साउंड इंजिनिअर ग्लिन जॉन्स यांनी १९६८ मध्ये लंडनच्या ऑलिम्पिक स्टुडिओत लेड झेपेलिनचा पहिला अल्बम रेकॉर्ड केला. त्यांच्या नावाने आज ओळखली जाणारी पद्धत मोजक्या माइकवर चालते: किकला एक आणि संपूर्ण किटसाठी दोन. म्हणजे ओव्हरहेड बरोबर असतील तर अर्धं काम झालं.

याची दुसरी बाजू अशी की ओव्हरहेड बिघडले तर लपवायला जागा नाही. गायकाचा माइक थोडा तीक्ष्ण असला तर चालून जातं. पण सिम्बल गाणंभर वाजत असतात आणि तीक्ष्णपणा प्रत्येक ठोक्याला ऐकू येतो.

## कंडेन्सर माइक आतून कसा असतो?

तुमच्या खिशातल्या फोनमध्ये बहुधा कंडेन्सर माइकच आहे, फक्त अगदी छोट्या चिपच्या रूपात. तत्त्व तेच: काही मायक्रॉन जाडीचा पातळ पडदा (डायफ्रॅम) आणि त्याच्या मागे एक स्थिर प्लेट. दोन्ही मिळून एक कपॅसिटर तयार होतो. आवाजाने पडदा हलला की त्यांच्यातलं अंतर बदलतं आणि विजेचा सिग्नल तयार होतो. हे तत्त्व वापरून ई. सी. वेंट यांनी १९१६ मध्ये पहिला कंडेन्सर माइक बनवला.

स्टुडिओच्या कंडेन्सर माइकचे तीन मुख्य भाग लक्षात ठेवा:

- कॅप्सूल: पडदा आणि प्लेटची जोडी. माइकचा मूळ आवाज इथे ठरतो.
- सर्किट: कॅप्सूलचा नाजूक सिग्नल केबलमधून जाण्याइतका भक्कम करणारा भाग. यात बहुधा एक ट्रान्झिस्टर (एफईटी) असतो, जुन्या किंवा महाग माइकमध्ये कधी व्हॉल्व्ह.
- जाळी आणि बॉडी: कॅप्सूलभोवतीचं धातूचं घर. यातल्या परावर्तनांनीही आवाज बदलतो.

सर्किटला लागणारी वीज इंटरफेसमधून केबलनेच येते. हीच फँटम पॉवर. प्रमाण ४८ व्होल्टचं आहे, त्यात ४ व्होल्ट कमी-जास्त चालतं. ४८ व्होल्टची ही पद्धत नॉयमनच्या केएम ८४ या माइकबरोबर १९६६ मध्ये आली आणि आजही तीच चालते.

## मॉड करणारे नक्की काय बदलतात?

१. कॅप्सूल. सगळ्यात मोठा फरक यानेच पडतो. स्वस्त माइकची कॅप्सूल काढून दुसऱ्या घडणीची बसवतात.

२. सर्किटचे भाग. सिग्नलच्या वाटेवरचे सिरॅमिक कपॅसिटर काढून फिल्म कपॅसिटर लावणं, एफईटी बदलणं, त्याचं बायस नीट सेट करणं. कपॅसिटर बदलल्याने पडणारा फरक जाहिरातीत सांगतात त्यापेक्षा बराच लहान असतो. बायसचं मात्र ड्रमसाठी खरंच महत्त्व आहे. ते चुकलेलं असेल तर मोठा आवाज आला की सिग्नल एका बाजूने लवकर कापला जातो.

३. ट्रान्सफॉर्मर. आउटपुटला ट्रान्सफॉर्मर बसवला की खालच्या सुरांना थोडा जाडपणा येतो. याला दुरुस्ती म्हणू नका, हा रंग आहे. आवडला तर उत्तम.

४. जाळी. आतला एखादा थर काढतात, म्हणजे आवाज मोकळा येतो. पण जाळी ही रेडिओ लहरींपासूनची ढालसुद्धा आहे. फोन स्पीकरजवळ ठेवल्यावर कॉल यायच्या आधी येणारी टर्र-टर्र आठवते? ढाल कमकुवत झाली तर तसला आवाज रेकॉर्डिंगमध्ये शिरू शकतो.

५. पॅड. कॅप्सूलला समांतर एक कपॅसिटर जोडून सर्किटपर्यंत पोचणारा सिग्नल साधारण १० डीबीने कमी करतात. दिसायला किरकोळ, पण ड्रमसाठी सगळ्यात उपयोगी मॉडपैकी एक.

## स्वस्त माइक सिम्बलवर का टोचतो?

यामागे एक मजेशीर इतिहास आहे. नॉयमनने १९६० मध्ये यू ६७ हा माइक आणला. त्याची के६७ कॅप्सूल वरच्या फ्रीक्वेन्सी मुद्दाम उचलून देते आणि पुढचं सर्किट तेवढ्याच फ्रीक्वेन्सी खाली आणतं. बाहेर येणारा आवाज संतुलित. १९६७ च्या यू ८७ मध्येही हाच विचार होता.

पुढे स्वस्त माइकच्या बाजारात के६७ सारख्या कॅप्सूल सर्रास वापरल्या गेल्या. पण त्यांच्या मागे बऱ्याचदा वेगळ्याच धाटणीचं साधं सर्किट जोडलं गेलं आणि त्यात वरच्या फ्रीक्वेन्सी खाली आणायची सोयच नव्हती. आमटीत तिखट जरा जास्त घालायचं आणि नंतर खोबरं घालून ते सौम्य करायचं अशी रेसिपी होती. इथे तिखट तेवढं घातलं, खोबरं राहूनच गेलं.

परिणाम म्हणजे साधारण ८ ते १२ किलोहर्ट्झच्या आसपास उंचवटा. गायकाच्या आवाजात तो पहिल्यांदा ऐकताना ‘वा, किती क्लिअर!’ असा वाटतो. पण सिम्बलची ऊर्जा नेमकी त्याच भागात भरपूर असते. उंचवट्यावर उंचवटा आला की कान दुखणारच.

म्हणून अशा माइकचे दोन मॉड ओव्हरहेडसाठी अर्थपूर्ण आहेत: सर्किटमध्ये ती राहून गेलेली सोय करणं, किंवा के४७ धाटणीची, वर कमी उचलणारी कॅप्सूल बसवणं. विक्रेता ‘जास्त एअर, जास्त शाइन’ असं सांगत असेल तर तो मॉड गायकासाठी असेल. ओव्हरहेडसाठी पुढे चला.

## हे इक्वलायझरने होत नाही का?

मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे हा प्रश्न मला आधी पडला. प्रामाणिक उत्तर: बरंचसं होतं. समोरून येणारा आवाज नुसता तीक्ष्ण असेल तर १० किलोहर्ट्झच्या आसपास ३-४ डीबी कमी करून बघा. समाधान झालं तर मॉडवर खर्च करायची गरज नाही.

पण चार गोष्टी इक्वलायझरला जमत नाहीत:

- माइकच्या आतच फाटलेला आवाज परत जोडता येत नाही.
- बाजूने येणाऱ्या आवाजाचा रंग समोरच्यापेक्षा वेगळा असेल तर दोन्ही एकाच सेटिंगने सुधारत नाहीत.
- दोन माइक वेगवेगळ्या दिशांना वेगवेगळे वागत असतील तर जोडी जुळत नाही.
- माइकमध्ये शिरलेली खरखर, गुणगुण पूर्ण जात नाही.

मॉडसाठी पैसे द्यायचे तर या चारपैकी काहीतरी सुधारायला हवं.

## कोणते आकडे बघायचे?

माइक घेताना सगळे ‘सेल्फ नॉइज’ बघतात, म्हणजे माइकची स्वतःची सुरसुर. ओव्हरहेडसाठी तो आकडा जवळपास बिनकामाचा आहे. रोड कंपनीच्या एनटी१-ए ची सुरसुर फक्त ५ डीबी आहे आणि त्याच कंपनीच्या एनटी५ ची १६ डीबी. तरी ड्रमवर एनटी५ आरामात चालतो, कारण ड्रमच्या आवाजापुढे १६ डीबी म्हणजे काहीच नाही. त्यामुळे ‘मॉडनंतर नॉइज कमी झाला’ हे ओव्हरहेडसाठी जादा पैसे द्यायचं कारण नाही.

बघायचा आकडा म्हणजे मॅक्सिमम एसपीएल, आवाज फाटण्याआधी माइक किती सहन करतो ते. एनटी१-ए साठी हा १३७ डीबी, नॉयमन केएम १८४ साठी १३८ आणि एनटी५ साठी १४३. मॉडनंतर हा आकडा बदलू शकतो आणि मूळ कंपनीचा डेटाशीट तेव्हा लागू राहत नाही.

दुसरा आकडा सेन्सिटिव्हिटी. छोटं गणित करू. एनटी१-ए ची सेन्सिटिव्हिटी ९४ डीबी आवाजाला २५ मिलिव्होल्ट आहे. स्नेअरच्या कडक ठोक्याला माइकपाशी १२४ डीबी आवाज पोचला असं धरू. ३० डीबी जास्त म्हणजे व्होल्टेज सुमारे ३२ पट, म्हणजे जवळपास ०.८ व्होल्ट. एनटी५ ची सेन्सिटिव्हिटी १२ मिलिव्होल्ट, तिथे हाच आकडा ०.४ च्या खाली राहतो. मॉडने सेन्सिटिव्हिटी वाढवली असेल तर माइक सुखरूप राहील, पण तुमच्या स्वस्त इंटरफेसचा इनपुट गेन शून्यावर ठेवूनही लाल होईल. पॅड उपयोगी म्हटलं ते यासाठीच.

एक इशारा: इंटरफेस फोनला जोडून रेकॉर्ड करत असाल तर इंटरफेसला वेगळा पॉवर द्या. फँटम पॉवर कमी पडली तर काही माइक मोठ्या आवाजाला लवकर फाटतात आणि दोष बिचाऱ्या मॉडवर येतो.

## मोठा डायफ्रॅम की छोटा?

ओव्हरहेडला किटचा बराचसा आवाज तिरका, बाजूने येतो. छोट्या डायफ्रॅमचे, पेनासारखे माइक बाजूचा आवाज साधारणपणे जास्त सारखा पकडतात. मोठ्या डायफ्रॅमवर बाजूच्या आवाजाचा रंग जास्त बदलतो. तो जाडपणा काहींना आवडतो, पण पहिल्या जोडीसाठी छोटा डायफ्रॅम सुरक्षित.

मॉडच्या दुनियेत यातलं गाजलेलं उदाहरण म्हणजे रशियातल्या तुला शहरात बनणारा ऑक्टाव्हा एमके-०१२. याच्या कॅप्सूल स्क्रूसारख्या फिरवून बदलता येतात आणि मध्ये १० डीबीचा पॅडही बसवता येतो. मूळ आवाज फार टोचणारा नसल्यामुळे ड्रमवाल्यांना तो आवडला. पण एकसारखेपणाची तक्रार होती: दोन माइक एकमेकांशी जुळतीलच असं नाही. त्यामुळे अमेरिकेत मायकल जोली यांच्यासारख्यांनी या माइकच्या मॉडवर अख्खा व्यवसाय उभा केला. या माइकच्या बनावट प्रतीही बाजारात आल्या, त्यामुळे सेकंडहँड घेताना जपून.

आणखी एक: स्वस्त छोट्या माइकपैकी काही इलेक्ट्रेट असतात, म्हणजे विद्युतभार पडद्यात किंवा प्लेटमध्ये कायमचा साठवलेला असतो. बाकीच्यांना तो भार सर्किटमधून मिळतो. त्यामुळे एकाची कॅप्सूल दुसऱ्यात नुसती बसवून चालत नाही, सर्किटही बदलावं लागतं.

## जोडी जुळते का? दहा मिनिटांची टेस्ट

ही टेस्ट मी आधी केली असती तर ते चार गाण्यांचे ओव्हरहेड स्टिरिओत असते.

१. दोन्ही माइक एकमेकांना जवळजवळ चिकटवून, तोंडं एकाच दिशेला करून स्टँडवर लावा.
२. साधारण एक मीटरवर, बरोबर मध्यभागी स्पीकर ठेवा. फोनवरून पिंक नॉइज वाजवा. अशी फाइल सहज मिळते.
३. दोन्ही चॅनेलचा गेन सारखा ठेवून एक मिनिट रेकॉर्ड करा.
४. रेकॉर्डिंग ॲपमध्ये दोन्ही ट्रॅक मध्यभागी ठेवा आणि एकाची पोलॅरिटी उलटी करा.

माइक जुळत असतील तर आवाज जवळजवळ गायब होतो. फक्त १ डीबीचा फरक असेल तर उरलेला आवाज मूळ आवाजाच्या सुमारे १९ डीबी खाली असतो. आता एका ट्रॅकची लेव्हल थोडी वर-खाली करून उरलेला आवाज कमीत कमी करा. एवढ्याने काम झालं तर फरक फक्त लेव्हलचा होता, चिंता नको. अगदी वरच्या फ्रीक्वेन्सीला थोडं उरणारच, कारण दोन माइक एकाच बिंदूवर असू शकत नाहीत. पण मधल्या पट्ट्यातही आवाज जात नसेल तर दोन माइकचा स्वभावच वेगळा आहे.

पोलॅरिटी उलटी केल्यावर आवाज उलट वाढला, तर एका माइकमध्ये मॉड करताना वायर उलट्या जोडल्या गेल्यात.

शेवटी दोन्ही माइक ९० अंशात वळवून हीच टेस्ट पुन्हा करा. ओव्हरहेडसाठी बाजूचा आवाज जुळणं तितकंच महत्त्वाचं.

## सेकंडहँड घेताना विचारायचे प्रश्न

- मूळ माइक कोणता आणि कॅप्सूल बदलली असेल तर कोणत्या घडणीची?
- दोन्ही माइकचं काम एकाच वेळी, एकाच माणसाने केलंय का?
- आतल्या सर्किटचे फोटो मिळतील का? दोन्ही माइकचे, वेगवेगळे.
- काढलेले मूळ भाग सोबत मिळतील का?
- मॉडनंतर ड्रमवर केलेलं रेकॉर्डिंग आहे का? गाण्याचा नमुना इथे उपयोगाचा नाही.

‘सगळं अपग्रेड केलंय, ऐकून बघ’ एवढंच उत्तर आलं तर नमस्कार करून बाहेर पडा.

## स्वतः मॉड करायचा असेल तर

सोल्डरिंगचा हात बसलेला असेल तर जरूर करा, पण पहिला प्रयोग सगळ्यात स्वस्त माइकवर. फँटम पॉवर बंद करा, केबल काढा, काही मिनिटं थांबा आणि मगच उघडा. कॅप्सूलच्या पडद्याला बोट लावू नका. कॅप्सूलपासून एफईटीपर्यंतचा भाग इतका संवेदनशील असतो की बोटाचा तेलकटपणा किंवा ओल राहिली तरी खरखर सुरू होते. पावसाळ्यात तर हे काम कोरड्या दिवशीच करा. व्हॉल्व्हचा माइक उघडू नका. त्यात १०० व्होल्टच्या वर वीज असू शकते आणि पॉवर सप्लायमध्ये ती बंद केल्यावरही काही काळ साठून राहते.

## माइकआधी दोरी

मॉडवर खर्च करण्याआधी एक फुकटचा उपाय करा. स्नेअरच्या मध्यापासून दोन्ही ओव्हरहेडचं अंतर दोरीने मोजून सारखं ठेवा. आवाज एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. एक माइक १७ सेंटिमीटर लांब असेल तर अर्ध्या मिलिसेकंदाचा फरक पडतो. मग दोन्ही ट्रॅक एकत्र ऐकताना १ किलोहर्ट्झपाशी स्नेअरचा आवाज खाल्ला जातो आणि ती पोकळ वाटते. छत बुटकं असेल तर माइकच्या वर छताला जाड गोधडी बांधा. अनेकदा ‘माइक खराब आहे’ असं वाटतं तेव्हा दोष अंतराचा आणि छताचा असतो.

## थोडक्यात

- पहिलीच जोडी घेत असाल तर: मॉड न केलेली, कंपनीने जुळवून दिलेली छोट्या डायफ्रॅमची जोडी घ्या.
- टोचणारे माइक आधीच घरात असतील तर: आधी दोरी, मग इक्वलायझर. तरीही आवाज फाटत असेल किंवा बाजूने वेगळाच रंग येत असेल तर मॉड, आणि तोही दोन्ही माइकवर एकसारखा.
- सेकंडहँड मॉडेड जोडी मिळत असेल तर: पोलॅरिटी टेस्ट केल्याशिवाय पैसे देऊ नका. विक्रेता टेस्टला नाही म्हणाला, तर तेच उत्तर समजा.

आणि टेस्ट रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी करा. माइक परत विकता येतो, पण निघून गेलेला ड्रमर परत किटवर बसवता येत नाही.